लंडनच्या सॉलिसिटर परवान्यावर मुंबईत वकिली करता येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुंबईत एलएल.बी. केलं, सनद (बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना) घेतली, दोन वर्षं हायकोर्टात ज्युनिअरशिप केली, मग लंडनला जाऊन सॉलिसिटर, म्हणजे तिथली परवानाधारक वकील, झालात. आता वडिलांच्या आजारपणामुळे कायमचं दादरला परतायचंय, तर तिथल्या परवान्यावर इथे काम करता येईल का?

तिथल्या परवान्यावर नाही. तुमच्या जुन्या सनदेवर मात्र येईल. म्हणून तिची आज काय अवस्था आहे, ते सगळ्यात आधी बघा.

घरच्या मोठ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांच्या डोक्यात ‘विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला’ हे चित्र असतं. ते खोटंही नव्हतं. डॉ. आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनेही, म्हणजे वकिलीच्या कायद्यानेही, ती वाट एकदम बंद केली नाही. ३१ डिसेंबर १९७६पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांची ती पात्रता मानली जायची. त्यानंतरच्यांची नाही.

‘मी कोर्टात उभीच राहणार नाही, फक्त करार तपासेन’ असं तुम्ही लिहिलंय. इथेच बहुतेकांची चूक होते. नव्वदच्या दशकात तीन परदेशी लॉ फर्म्सनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे लिएझॉन ऑफिसं (संपर्क कार्यालयं) थाटली होती. लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १६ डिसेंबर २००९ला आपल्याच हायकोर्टाने सांगितलं की सल्ला देणं, मसुदे करणं हीसुद्धा वकिलीच. २०१८मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच कायम केलं. परदेशी वकिलाने अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देऊन परत जाण्याला तेवढी मोकळीक ठेवली.

त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाने मार्च २०२३मध्ये नियम आणले आणि मे २०२५मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. नोंदणी न करता येऊन-जाऊन काम करायचं तर बारा महिन्यांत ६० दिवसांची मर्यादा आहे. त्याहून जास्त राहायचं तर परदेशी वकील म्हणून नोंदणी, आणि त्यातही काम परदेशी कायद्याचं, आंतरराष्ट्रीय कायद्याचं, आंतरराष्ट्रीय लवादाचं. कोर्ट नाही, जमिनीचे किंवा फ्लॅटचे दस्त नाहीत, टायटल सर्च (मालमत्तेच्या मालकीची तपासणी) हीसुद्धा नाही.

राहता राहिला तुमचा ‘घरून लॅपटॉपवर लंडनच्या ऑफिसचं काम’ हा बेत. दादरला बारा महिने राहणाऱ्या माणसाला पाहुणा वकील म्हणता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लायंट लंडनचा आणि कायदा इंग्लंडचा असला, तरी त्या ६० दिवसांच्या आडोशाला राहून वर्षं काढू नका. २०२५च्या दुरुस्तीनंतर भारतीय वकिलाला इथली वकिली न सोडता परदेशी कायद्याच्या कामासाठीही नोंदणी करता येते. तुमच्यासारखीला तो रस्ता सरळ आहे, फक्त त्यासाठी सनद जिवंत हवी.

सनदेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी यात पोळले आहे. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की तसं आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. मी लंडनला नोकरीला लागले तेव्हा कळवलंच नाही. ‘परत आल्यावर बघू’ असं एका वरिष्ठांनी सांगितलं आणि मी ऐकलं. परतल्यावर प्रतिज्ञापत्र, नोकरीचे दाखले, खुलासे यांत चार महिने गेले. तेवढे दिवस मी एकाही वकालतपत्रावर सही केली नाही. त्याच काळात आईच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा करार समोर आला आणि तो मला दुसऱ्या वकिलाकडे न्यावा लागला. ते मला फार लागलं. तुम्ही कळवलं नसेल, तर राजीनामा देण्याआधीच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. २००९-१० किंवा त्यानंतर एलएल.बी. झाला असाल तर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास झाल्याचं प्रमाणपत्रही शोधून ठेवा.

पासपोर्टबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर सगळंच बदलतं. कोणाला सनद मिळते ते ठरवणारं अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम २४ मुळात भारतीय नागरिकांसाठी आहे. परदेशी नागरिकाला वाव आहे, तो त्याच्या देशात पात्र भारतीयांना वकिली करू देत असतील तर. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकांसाठीच्या २०२१च्या अधिसूचनेत वकिलीचं नाव आहे, पण संबंधित कायद्याच्या अधीन राहून, म्हणजे पुन्हा कलम २४ आलंच. नागरिकत्वाचा अर्ज अजून केला नसेल तर तूर्त थांबा.

आणखी एक. मुंबईत ‘सॉलिसिटर’ म्हटलं की फोर्टातली माणसं बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा दिलेला वकील समजतात. कार्डावर ‘सॉलिसिटर, इंग्लंड आणि वेल्स’ असं पूर्ण लिहा.

सनद कोणत्या साली आणि लग्नाआधीच्या नावाने घेतली की नंतरच्या, तेवढं कळवा. अर्जासोबत कोणते कागद लागतील ते बघून सांगते.