'रिफंड फेल्ड' दिसतंय, आता चर्चगेटच्या आयकर भवनात जावं का?

नाही, तिथे खेटे घालू नका. रिटर्नची प्रक्रिया बंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे आयकर खात्याच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते आणि तुमचं काम घरबसल्या होईल.

'रिफंड फेल्ड' म्हणजे पैसे मंजूर झाले, पण खात्यात गेले नाहीत. बहुतेक वेळा दोष खात्यात असतो: पॅनवरचं आणि पासबुकातलं नाव जुळत नाही, खातं बंद पडलंय किंवा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) जुना आहे. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिथले जुने कोड आता चालत नाहीत.

आयकर ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून 'माय बँक अकाउंट' उघडा. खातं 'व्हॅलिडेटेड' आहे ना आणि 'नॉमिनेट फॉर रिफंड'चं बटण चालू आहे ना, दोन्ही बघा. दुसरं राहून गेलेलं मी फार वेळा पाहिलंय. मग 'सर्व्हिसेस'मध्ये 'रिफंड रीइश्यू' निवडून विनंती टाका आणि आधार ओटीपीने व्हेरिफाय करा. पॅन-आधार जोडणी राहिली असेल, तर आधी ती उरका.

रक्कम कमी आली, तर इंटिमेशन (रिटर्न तपासल्यावर आयकर खात्याने पाठवलेलं पत्र) वाचा. जुन्या थकबाकीत वळती झाली असेल. रिफंडवरचं व्याज पुढच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्ना'त दाखवावं लागतं, हे विसरू नका.

पैसे आले की आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडा, नंतर गृहकर्जाचं मुद्दल. आणि 'रिफंडसाठी इथे क्लिक करा' असा एसएमएस आला, तर कृपया हात लावू नका.