ओव्हरटाइममधला फ्लॅग: आधी बघा, चेंडू कुणाकडे होता

अमेरिकेत शिकणाऱ्या काही वाचकांनी तिथल्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल) ओव्हरटाइममधल्या पेनल्टीबद्दल विचारलं आहे. फाऊल झाला की रेफरी फ्लॅग टाकतो आणि पेनल्टी म्हणून चेंडू काही यार्ड सरकवतात. ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना समोरच्याच्या 25 यार्ड रेषेवरून गुण करण्याची एकेक पाळी मिळते.

प्रश्न: आमच्या डिफेन्सने (बचाव करणाऱ्यांनी) ओव्हरटाइममध्ये समोरच्यांचा पास पकडला, म्हणजे इंटरसेप्शन केलं, आणि खेळाडू थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे समोरच्याच्या गोल रेषेपलीकडे पळाला. वाटेत आमच्याच एकाने प्रतिस्पर्ध्याला पाठीत ढकललं म्हणून टचडाऊन रद्द झाला. पण 10 यार्डांची पेनल्टी कुठेच लागली नाही. असं कसं?

रेफरीने बरोबरच केलं. ओव्हरटाइममध्ये चेंडूचा ताबा बदलल्यानंतर झालेल्या साध्या फाऊलची पेनल्टी नियमानेच नाकारलेली धरतात, समोरच्या कोचला विचारतही नाहीत. पास पकडला गेला तेव्हाच पहिल्या संघाची पाळी संपली. तुमची पाळी आता काहीही झालं तरी 25 यार्ड रेषेवरूनच सुरू होणार. पळणारा कुठे थांबला याला किंमतच नाही, मग 10 यार्ड मोजायचे कुठून?

स्कोअर मात्र फाऊल करणाऱ्याला मिळत नाही, आणि खरा फटका तोच. तो टचडाऊन टिकला असता तर सामना तिथेच संपून तुम्ही जिंकला असता! दोन्ही संघांनी ताबा बदलल्यावर फाऊल केले तर ते एकमेकांना कापतात, डाऊन (चेंडू पुढे नेण्याचा तो एक प्रयत्न) पुन्हा खेळत नाहीत.

अपवाद आहेत. गंभीर धसमुसळेपणा, खेळाडूला न शोभणारं वर्तन किंवा शिटी वाजल्यावर केलेला पर्सनल फाऊल माफ होत नाही. त्याचे 15 यार्ड पुढच्या पाळीत वसूल होतात. तुमच्या संघाने असं काही केलं असतं तर पाळी 40 यार्डांवरून सुरू करावी लागली असती. आणि डिफेन्सचा फाऊल इंटरसेप्शनच्या आधीचा असेल, तर हा नियम लागतच नाही. ऑफेन्स, म्हणजे आधी चेंडू असलेला संघ, पेनल्टी घेऊन चेंडू परत मिळवू शकतो.

प्रश्न: टचडाऊननंतर खेळाडूने समोरच्याला चिडवलं. ओव्हरटाइममध्ये किकऑफ नसतो, मग 15 यार्ड कुठे लावतात?

समोरच्या संघाने ठरवायचं. टचडाऊननंतरच्या ट्रायवर (जादा गुणांच्या प्रयत्नावर) लावले तर चेंडू 3 यार्डांवरून 18 वर जातो. नाहीतर स्वतःच्या पाळीसाठी राखून ठेवायचे. तिथे 25 मधून पूर्ण 15 मिळत नाहीत, गोल रेषेपर्यंतचं अर्धंच अंतर मिळतं, म्हणजे पाळी साडेबारा यार्डांवरून. मी कोच असतो तर बहुतेक वेळा दुसरा पर्याय घेतला असता.

प्रश्न: तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन गुणांचे प्रयत्न होतात. तिथे पेनल्टीचं काय?

प्रयत्न 3 यार्डांवरून होतो. डिफेन्स ऑफसाइड असेल, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच रेषा ओलांडली असेल, तर अर्धं अंतर, म्हणजे दीड यार्डावरून पुन्हा संधी. ऑफेन्सने फॉल्स स्टार्ट केला (वेळेआधी हालचाल केली) तर चेंडू 8 वर. होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं) करून गुण मिळवले तर ते रद्द आणि पुन्हा प्रयत्न 13 वरून. तिथून दोन गुण काढणं महाकठीण. ही पद्धत 2021 मध्ये आली आणि त्याच ऑक्टोबरात इलिनॉयने पेन स्टेटला तब्बल नवव्या ओव्हरटाइममध्ये 20-18 असं हरवलं.

प्रश्न: 2003 च्या फिएस्टा बोलमधल्या (मायामी विरुद्ध ओहायो स्टेट) फ्लॅगवर अजून वाद का होतो?

कारण त्याने राष्ट्रीय विजेतेपद फिरवलं. पहिल्या ओव्हरटाइममध्ये मायामी 24-17 ने पुढे होतं. ओहायो स्टेटचा चौथा, म्हणजे शेवटचा डाऊन, चेंडू 5 यार्डांवर. पास हुकला, मायामीचे खेळाडू मैदानात धावले, आणि मग पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे पास घेणाऱ्याला नियमाबाहेर अडवल्याचा फ्लॅग पडला. फाऊल एंड झोनमधला (गोल रेषेपलीकडचा) असला तरी कॉलेजच्या नियमात चेंडू 2 यार्डांवर ठेवतात, फर्स्ट डाऊनसह, म्हणजे डाऊन नव्याने मोजायला सुरुवात. ताबा बदलण्याआधीचा, त्या डाऊनमधलाच फाऊल असल्याने पेनल्टी नेहमीसारखीच लागू झाली. ओहायो स्टेटने बरोबरी साधली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 31-24 ने सामना मारला. फ्लॅग फार उशिरा आला ही मायामीवाल्यांची तक्रार मला समजते, पण उशीर झाला म्हणून फाऊल पुसला जात नाही.