कॅनव्हासवरून टॅबलेटवर यायलायस तर
भाऊ, डिजिटलला यायलायस चांगलंय, पण ब्रश-रंग लगेच कुणाला देऊन टाकू नको. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं सत्तरी ओलांडल्यावर आयफोनवर बोटानं चित्रं काढली, मग आयपॅडवर, तरी रंगवणं काही सोडलं नाही. सुरुवातीला ॲपमधला एकच ब्रश घे, लेयर (चित्राचे एकावर एक थर) दोन-तीनच ठेव अन् अनडू (काढलेलं मागं घ्यायचं बटण) कमी दाब, नाहीतर ठाम रेष ओढायची हाताची सवयच जाते. प्रिंट काढायची असल तर फाईल आधीच मोठी घे, ए3 कागदाला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात, नंतर ताणली की कडा फाटतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा छपाईत मरतो, म्हणून संभाजीनगरात प्रेसवाल्याकडून आधी छोटा प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढून घे. अन् अजिंठ्याच्या 1 नंबर लेणीतला पद्मपाणी, म्हणजे भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व, एकदा नीट बघून ये, त्या भुवईची रेष टॅबलेटवर एका दमात ओढून बघ.