नवऱ्याने भंगार आणलंय म्हणतेस? आधी त्याचा जॅक बघून ये

अमेरिकेतल्या ओहायोच्या कोलंबसहून एका नाशिककर लेकीचं पत्र आलंय, चांगलं दोन पानी. तीन काळज्या आहेत त्यात, पण खरी एकच आहे आणि ती नेमकी तिने एका ओळीत उरकलीये. आपल्याकडे असंच असतं, पोट दुखतंय हे सांगायला माणूस आधी अर्धा तास हवापाण्यावर बोलतो.

तर ती लिहिते, "मावशी, नवऱ्याने ऑक्टोबरात १९७१ ची फोर्ड एफ-१०० पिकअप आणली, साडेचार हजार डॉलरला. चालत नाही, दुसऱ्याच्या ट्रेलरवरून आली. तेव्हापासून प्रत्येक शनिवार-रविवार हा गॅरेजमध्ये. माझी गाडी बाहेर बर्फात. इथल्या महाराष्ट्र मंडळात लोक त्याला भंगारवाला म्हणून हाक मारतात, तो हसतो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सासू-सासरे सहा महिने आले होते, सासरे म्हणाले आम्ही याला इंजिनिअर केलं ते गॅरेजमधल्या पोऱ्याचं काम करायला का, आमच्या घराण्यात कोणी हातात पाना धरला नाही. आता चौदा वर्षांचा मुलगाही त्याच्याबरोबर खाली शिरतो, जॅक लावून, मला जरा भीती वाटते."

बाई गं. "जरा भीती वाटते" ही ओळ शेवटी?

मंडळातले हसतात हे पहिल्या पानावर आणि दीड टनाच्या लोखंडाखाली तुझं पोर झोपतंय हे मागच्या पानावर, शाईही संपत आलेली. रागावू नको, मी पण हेच केलंय, म्हणून ओळखलं. ते सांगतेच पुढे.

आधी तुझ्या सासऱ्यांचं. तूच पत्रात दुसरीकडे लिहिलंयस की ते सातपूरला कंपनीत एकतीस वर्षं होते आणि शिफ्ट सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. सातपूर एमआयडीसीत एकतीस वर्षं काढलेला माणूस हातात पाना धरला नाही म्हणतो? सुपरवायझर काय आभाळातून पडतात का, आधी मशीनवर उभे राहिलेले असतात, बॉयलर सूट घालून, सायकलवर डबा लावून. त्यांनी पाना धरला होता, चांगला घट्ट धरला होता, आणि पोराला धरायला लागू नये म्हणून ओव्हरटाइम केले होते. आता पोरगा अमेरिकेत जाऊन, मोठ्या पगाराची नोकरी करून, स्वतःच्या पैशाने परत तोच पाना विकत घेतो म्हटल्यावर त्यांना वाटतं आपली सगळी मेहनत उलटी फिरली. त्यांना ट्रकचा राग नाही आलेला, ट्रक बघून जुनं आठवलंय.

हे माझं नेहमीचं पालुपद आहे, वाचणाऱ्यांना पाठ झालं असेल, की आपल्या मराठी मध्यमवर्गाला हाताला लागलेल्या काळ्याची लाज वाटते. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो, पाना-पक्कडला हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या हातात ते हत्यार आहे त्याला घरात चहा वेगळ्या कपात देतो. परदेशात गेल्यावर तर ही लाज बॅगेतून जाते बरोबर, कस्टमवाले लोणचं काढून घेतात, ही तशीच राहते.

आता माझं. माझ्या वडिलांचे दोन ट्रक होते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आमचं घर, आत्ता जिथे वरून उड्डाणपूल गेलाय तिथे तेव्हा मोकळ्या आग्रा रोडवर ट्रक लागायचे रांगेने. पहिली गाडी टाटा-मर्सिडीज, पुढच्या जाळीवर तो तीन टोकांचा तारा असायचा. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं होता, तो संपला आणि तारा गेला, पण आमचे बाबा नंतरच्या गाडीलाही मर्सिडीजच म्हणायचे. लासलगावचा कांदा भरून मुंबई. परतताना कसारा घाटात गाडी चढावर थांबायला लागली की किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, चालत्या गाडीतून उडी मारायचा, हातात उटी घेऊन, म्हणजे चाकामागे सारायचा लाकडी ठोकळा. बाबा म्हणायचे ब्रेकवर विश्वास ठेवतो तो ड्रायव्हर, उटीवर ठेवतो तो म्हातारा होतो. एवढं सगळं घरात, पण आम्हा भावंडांना कोणाला गाडीच्या खाली वाकू दिलं नाही. भाऊ एकदा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसवताना मिस्त्रीच्या शेजारी जाऊन बसला तर त्याला कान धरून उठवलं होतं. शिकलो सगळे. मी न्यू जर्सीत पोचले.

१९९८ ला बाबा आले माझ्याकडे तीन महिने. तुला माहितीये कसं असतं, दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, म्हातारा माणूस खिडकीत. समोरच्या घरात एक गोरे आजोबा होते, त्यांच्या ड्राइव्हवेवर १९५४ ची शेवरोलेट पिकअप, सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन. एके दिवशी मी घरी आले तर बाबा तिकडे, बॉनेटमध्ये अर्धे आत. इंग्रजी शून्य. आवाज ऐकूनच त्यांना कळलं होतं की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, सेट नाहीत, मग ती फट मोजायचं फीलर गेज हातात घेऊन पात्या दाखवून दाखवून दोघांनी बारा व्हॉल्व्ह लावले. त्यानंतर बाबा रोज सकाळी दहाला तिकडे, डब्यात पोळीभाजी दोघांची. आणि मी काय केलं? एका शनिवारी आमच्याकडे मंडळाचे लोक जेवायला येणार होते तर मी बाबांना दारातच म्हटलं, "बाबा, मागच्या दाराने या आणि हात नीट धुवा, लोक येणारेत." त्यांनी धुतले. रॉकेल नव्हतं तर साबण आणि साखर घेऊन अर्धा तास घासत होते बेसिनशी. त्यानंतर नाशिकला परत जाईपर्यंत ते समोर गेले नाहीत. मी विचारलंही नाही का जात नाही, बरंच वाटलं होतं मला. ते आजोबा दोनदा येऊन विचारून गेले.

म्हणून सांगते, तुला "मेल्याहून मेल्यासारखं" होतं ना, ते लोकांमुळे नाही होत, तुझंच आहे ते. नवरा हसतो म्हणतेस, त्याचं बरोबर आहे.

पण जावईबापूंना मी सोडणार नाहीये. त्यांना हे वाचून दाखव, जेवताना नको, गॅरेजमध्येच दाखव.

एक, जॅक फक्त उचलायला असतो, टेकवायला नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, बसली, हाताने जोरात हलवून बघितली, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लागली, की मगच खाली शिरायचं. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नाहीत, ते न सांगता एकदम फुटतात. हे होईपर्यंत मुलाने खाली जायचं नाही, यावर भांडण झालं तरी चालेल.

दुसरं म्हणजे त्या मॉडेलला पेट्रोलची टाकी केबिनमध्ये असते, सीटच्या मागे. पन्नास वर्षांची टाकी, पन्नास वर्षांचे रबरी पाइप, आणि आपलं पोर पुढे बसलेलं. आतमध्ये पेट्रोलचा वास येतो का विचार त्याला, येत असेल आणि त्याला त्याची सवय झाली असेल तर आधी ते काम. नंतर ब्रेक, पुढेसुद्धा ड्रमच आहेत तिला. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं तेव्हा ड्रम उघडून कॉम्प्रेसरने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि हिवाळ्यात गॅरेजचं शटर बंद करून इंजिन चालू ठेवणं हा मूर्खपणा आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे ही गाडी इंजिनने नाही तर पत्र्याने मरणार. केबिनचा तळ, दाराखालची पट्टी, मागचे कोपरे, तिथे लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही म्हणजे खाली पत्रा गेलाय किंवा चेपलाय, आणि कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, जाड भरून रंग मारलाय. हे ऑक्टोबरात बघायला हवं होतं, साडेचार हजार मोजायच्या आधी, पण असू दे, नवरदेवाला खोट कुठे दिसते.

आणि सगळं एकदम खोलू नका रे बाबांनो. खोलायला एक रविवार लागतो आणि बसवायला तीन वर्षं. जुन्या गाड्यांचे अर्धे शौक पुठ्ठ्याच्या खोक्यांत संपतात, बोल्ट कुठला कुठे. एक काम खोलायचं, ते संपवायचं, मग दुसरं. रंग सगळ्यात शेवटी. महिन्याचा आकडा ठरवून वेगळ्या खात्यात टाका आणि संपला की तो महिना नुसतं बसून बघा गाडीकडे. बर्फाच्या दिवसांत तुझी गाडी आत आणि फोर्ड ताडपत्रीखाली बाहेर, आलटून पालटून, यात चर्चा नाही. मात्र सोसायटीचे नियम आधी वाचा, नंबरप्लेट नसलेली गाडी ड्राइव्हवेवर ठेवू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी असल्याने हिस्टॉरिकल प्लेट मिळेल तिला, पण ती प्रदर्शन, मिरवणूक अशांसाठी, रोज ऑफिसला न्यायला नाही.

सासरे मे महिन्यात परत येतायत ना, तेव्हा त्यांना "बाबा, मदत करता का" असं विचारू नका, नाही म्हणतील, मान आड येतो. नवऱ्याने फक्त कार्बोरेटर उघडून टेबलावर पसरायचा, मुद्दाम चुकीच्या क्रमाने, आणि चहा आणायला आत जायचं. एकतीस वर्षं सुपरवायझर होता तो माणूस, दहा मिनिटांत ओरडेल.

तुझी बाकीची दोन. मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जात नाही म्हणतेस, नको पाठवू, गॅरेजमध्ये पाठव, तिथे बाप मराठीतच शिव्या देत असेल. आणि कॉलेज रोडच्या फ्लॅटची पॉवर ऑफ ॲटर्नी दिराच्या नावाने पाठवलीस, त्याला म्हणावं कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घे, उगाच दंड पडतो. भाड्यावरून नणंदेशी काय झालं ते पुढच्या खेपेला बघू, ते कोणाचंच कधी मिटलेलं नाही.

फोटो पाठव गाडीचा. बॉनेट उघडं असलेला, आणि घोड्या दिसल्या पाहिजेत त्यात.