ईकोच्या केबिनचा आवाज आणि धग: आधी भोकं बुजवा, शीटचं नंतर बघू

तासगावच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची मारुती ईको, महिन्यातून चार-पाच वेळा पुण्याची फेरी, साठच्या पुढे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि खंबाटकी चढताना सीटखालून मांडी भाजते. सांगलीतला एक ॲक्सेसरीवाला म्हणतोय, आतून अख्ख्या गाडीला चमकदार शीट मारून देतो. मारून घ्यावी का?

अख्ख्या गाडीला नको. ही चमकदार शीट म्हणजे ब्यूटिल, चिकट रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल. २ मिमीची असेल तर चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते. पूर्ण गाडीत आठ-दहा चौरस मीटर सहज जातात, म्हणजे पंचवीस-तीस किलो वजन आणि त्याच मानाने खर्च. आणि तुमची जी तक्रार आहे ती त्याने फार तर निम्मी सुटेल. कारण ईकोत इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे. आवाज आणि धग तुमच्यापर्यंत बहुतेक सीटखालच्या झाकणाच्या फटीतून येते, पत्र्यातून कमी.

शीटला हात लावायच्या आधी इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. न्यूट्रलला गाडी थडथडते आणि जरा रेस दिली की शांत होते, असं असेल तर माउंटचं रबर बसलंय. वरून कितीही शीट चिकटवा, ती थडथड जाणार नाही. दुसरी तपासणी सायलेन्सरची. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप) फट-फट आवाज येतो का, जोडावर काळी काजळी दिसते का? दिसली तर आधी गास्केट बदला. यात चालढकल नको. इंजिन सीटखाली, धूर गळतोय आणि तुम्ही केबिन घट्ट बंद करताय, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत कोंडणार. त्याला वास नसतो, कळतही नाही.

आता भोकं. रात्री गाडी अंधारात उभी करा, इंजिन थंड असू द्या. मोबाईलची टॉर्च लावून इंजिनच्या जागेत ठेवा, सीटा खाली करून लॉक करा आणि आत बसून बघा. झाकणाच्या कडेने, गिअरच्या रबरी बुटाखालून, केबल आणि वायरिंग पत्र्यातून जाते तिथल्या रबरी कड्यांशेजारून (ग्रोमेट) उजेडाच्या रेघा दिसतील. जिथून उजेड येतो तिथून आवाज, धूळ आणि गरम हवा येते. फट एवढीशी असली म्हणून सोडू नका. एखाद्या भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली तर बाकीची ९९ टक्के भिंत कितीही जाड असो, त्या भिंतीची आवाज अडवण्याची ताकद २० डेसिबलच्या वर जात नाही.

झाकणाचं मूळ रबर सहा-सात वर्षांत उष्णतेने चपटं आणि कडक होतं. नखाने दाबून वर येत नसेल तर ते गेलं. नवं मिळालं तर तेच घ्या. न मिळाल्यास ईपीडीएम रबराची (उष्णता सोसणारं रबर) पोकळ बीडिंग लावा, पण जाडी अंदाजाने घेऊ नका. स्वयंपाकघरातून घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे सात-आठ गोळे आणा, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून झाकणाच्या कडेने ठेवा, सीट दाबून लॉक करा, परत उघडा. चपटा झालेला गोळा जेवढा जाड, तेवढी तिथली फट. बीडिंग त्याच्या दीडपट उंचीची हवी, म्हणजे दबल्यावर नीट बसते. चारही बाजूंना फट सारखी निघाली नाही तर झाकण किंवा बिजागर वाकलंय. ते आधी सरळ करून घ्या.

झाकणाच्या खालच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूला फोम, स्पंज, ब्यूटिल यातलं काहीही चिकटवायचं नाही. गोंद उष्णतेने सुटतो, तुकडा मॅनिफोल्डवर पडतो, त्यात ऑइल मुरलेलं असलं की पेट घेतो. तिथे कंपनीचं फेल्ट फाटलं असेल तर तेच बदला किंवा ॲल्युमिनियमचं तोंड असलेली काचतंतूची हीट शीट पत्र्याच्या पट्ट्या आणि बोल्टने आवळा. चमकदार तोंड इंजिनकडे आणि मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर हवेची पोकळी ठेवा. चमकदार पृष्ठभाग उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तरच. कार्पेटखाली दाबलेली फॉइल काहीही परतवत नाही, धातूसारखी उष्णता पुढे देते. दुकानात हे कोणी सांगत नाही.

झाकणाच्या वरच्या बाजूला ब्यूटिलचे तुकडे, त्यावर ६ मिमी बंद पेशींची नायट्राइल शीट (एसीच्या पाइपांवर गुंडाळतात तीच काळी), त्यावर व्हिनाइलचा जड थर आणि मग मॅट. एकूण जाडी १० मिमीच्या वर जाऊ देऊ नका, सीटचं लॉक बसत नाही. अर्धवट बसलेलं लॉक ब्रेक मारताना उघडलं तर काय होईल ते सांगायला नको.

तीन मालांची कामं तीन आहेत. ब्यूटिल फक्त पत्र्याची थरथर मारते. पत्रा आणि वरची ॲल्युमिनियम फॉइल यांच्यामध्ये चिकट थर ताणला जातो आणि कंपनाची ऊर्जा त्यात जिरते. म्हणून फॉइल दमदार हवी, निदान ०.१ मिमी. नखाने ओरखडा काढला की फाटते ती शीट बिनकामाची. शीट पत्र्याच्या मधल्या भागावर ३० ते ४० टक्के पुरते, कडांना गरज नसते. बोटाच्या पेराने ठोकून बघा: ‘ठण’ वाजतं तिथे लावा, ‘ठप’ वाजलं की थांबा. जड व्हिनाइल हवेतून येणारा आवाज अडवतं, पण ते सलग आणि बिनभोकाचं हवं, पत्र्याला थेट न चिकटता मध्ये फोम हवा. फोम आणि फेल्ट वरच्या पट्टीचा आवाज शोषतात, घरघर नाही. चार सिलिंडरच्या इंजिनची घरघर आरपीएम भागिले ३० एवढ्या हर्ट्झवर असते. ३००० आरपीएमला १०० हर्ट्झ, त्याची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. १० मिमी फोमला ती कळतसुद्धा नाही.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून लावणारे पुष्कळ. उन्हात उभ्या गाडीचं छत मे महिन्यात हात टेकवता येणार नाही इतकं तापतं, तेव्हा डांबर मऊ होऊन घसरतं आणि केबिनभर वास सुटतो.

माल साधारण एवढा लागेल, घेण्याआधी टेपने मोजा: ब्यूटिल २ चौरस मीटर (झाकण, पायाखालचा फ्लोअर, दोन्ही दारं, छताचा पुढचा भाग), नायट्राइल ६ मिमीची २ आणि छतासाठी १० मिमीची दीड, व्हिनाइल दीड. ईकोचा रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, म्हणजे गरम पाण्याचे पाइप फ्लोअरखालून जातात. त्यामुळे फ्लोअरवर नायट्राइल वगळू नका. पत्रा थिनरने पुसा, वाळू द्या, मग शीट लावून लाकडी किंवा लोखंडी रोलरने फॉइलवरची खडी नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. नायट्राइलला एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबा, हाताला चिकटेनासा झाला की जोडा. दारं उघडी ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको.

दारात बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल, बस. खालची पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत आणि काच खाली येण्याच्या वाटेत काही येऊ द्यायचं नाही, लावण्याआधी काच वरखाली करून बघा. वाऱ्याची शिट्टी येत असेल तर दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सरळ निसटली तर रबर दाबत नाहीये, आधी दाराचा स्ट्रायकर (दाराचं लॉक चौकटीवर ज्यात अडकतं ती कडी) आत सरकवा.

स्पंज आणि उघडी काचलोकर केबिनमध्ये नको. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात ओल्या चपला, ओल्या छत्र्या, पाणी स्पंजात मुरतं आणि डिसेंबरात फ्लोअरला भोक दिसतं. कॅनमधला फुगणारा फोम दाराखालच्या पोकळ बीममध्ये मारणं म्हणजे गंज विकत घेणं. कुठलाही फोम घेण्याआधी बोटभर तुकडा बाहेर नेऊन लायटर धरा. ज्योत काढल्यावर विझला पाहिजे. थेंब टपकत जळत राहिला तर दुकानदाराला परत द्या. सीएनजी किट असेल तर टाकीच्या वायू बाहेर जाण्याच्या नळीला काही चिकटवू नका.

सेकंडहँड घेतलेली गाडी असेल आणि ती २०१९ किंवा २०२१च्या पुरात सांगलीत उभी असण्याची शंका असेल तर कार्पेट उचललंच आहे तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली तर आधी फ्लोअर धुवून, वाळवून, गंज काढून घ्या. ओल्या गाळावर शीट म्हणजे गंजावर झाकण.

इंजिनची धग सीटखालून, पण उन्हाच्या धगीचा मोठा वाटा काचेतून येतो, तिथे शीटचा उपयोग नाही. फिल्म लावायचा विचार असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० लक्षात ठेवा: पुढची-मागची काच किमान ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी. पार्किंगमध्ये पुढच्या काचेला चमकदार पडदा लावणं सोपं. सीटांमागे जाड कापडी पडदा सोडला तर एसीला थंड करायला अर्धीच गाडी राहते आणि रिकाम्या डब्याची दणदण कमी होते.

फरक मोजायचा तर मोबाईलवरचं ॲप चालेल, पण एकच फोन, एकच जागा, तोच रस्ता, चौथ्या गिअरला ६०, पंखा बंद. बोगद्यात मोजू नका, भिंतींवरून आवाज परत येतो. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, दहा कमी झाले तर आवाज निम्मा वाटतो. ॲपचा ‘ए’ आकडा (डेसिबलपुढे ए लिहिलेला, कानाच्या मानाने जुळवलेला) खालची घरघर कमी धरतो, त्यामुळे आकडा न हलताही कानाला बरं वाटू शकतं.

इंजिन शांत झालं की आजवर दबलेले खडखडाट वर येतील: सरकत्या दाराचा झिजलेला रोलर, डॅशबोर्डच्या क्लिपा, टूलकिटमधला जॅक. रोलर बदला, क्लिपांना कापडी टेप गुंडाळा, जॅक चिंधीत बांधून ठेवा.