विंडोज १० वर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर इन्स्टॉल करताना ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असा संदेश का येतो?

आपल्या संगणकावरील विंडोज बहुधा ३२-बिट (विंडोज व प्रोग्रामच्या दोन प्रकारांपैकी जुना; नवा तो ६४-बिट) असून आपण उतरवून घेतलेली व्हीएलसीची फाइल ६४-बिटची आहे, आणि ३२-बिट विंडोज असा प्रोग्राम सुरूच करू शकत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘विन६४’ असे लिहिले आहे का, ते पाहावे; त्यानंतर सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’, त्याखालील ‘अबाउट’ उघडून ‘सिस्टिम टाइप’ची ओळ वाचावी. तेथे ३२-बिट दिसल्यास व्हीएलसी तयार करणाऱ्या व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ‘विन३२’ आवृत्ती घ्यावी (ती ६४-बिट विंडोजवरही चालते, उलट मात्र चालत नाही). दोन्हीकडे ६४-बिटच असेल, तर फाइल अर्धवट उतरलेली किंवा बिघडलेली असू शकते. अशी फाइल काढून टाकून ती नव्याने उतरवावी.