माउंट करणे: ‘आरोहित’ नको, ‘चढवणे’

प्रश्न असा आहे: ‘सर्व्हरवर यूयूआयडी देऊन डिस्क माउंट करणे’ हे मराठीत ‘अद्वितीय ओळख क्रमांकाद्वारे साठवण उपकरण आरोहित करणे’ असे लिहिले तर चालेल का? (लिनक्समध्ये माउंट करणे म्हणजे डिस्कवरच्या फाइली एखाद्या डिरेक्टरीतून, म्हणजे फोल्डरातून, उघडता येतील असे करणे; यूयूआयडी म्हणजे काय चढवायचे ते सांगणारी लांबलचक खूण.)

मुळीच नाही. आधी तो ‘क्रमांक’ काढा. क्रमांक म्हणजे क्रम दाखवणारा अंक, आणि यूयूआयडीत क्रम औषधालाही नसतो. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस यांसारखी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना, तयार होताना १२८ बिटांची ही खूण यादृच्छिकपणे निवडली जाते. क्रम असतो तो लिनक्स डिस्कांना देते त्या एसडीए, एसडीबी या नावांना: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आधी सापडली ती एसडीए, मग एसडीबी. नवी डिस्क घातली किंवा एखादी डिस्क जागी व्हायला उशीर लागला की ही नावे बदलू शकतात. मग एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय कुठे चढवायचे त्या यादीच्या फाइलीत, नाव लिहिलेले असेल तर भलतीच फाइलसिस्टिम चढते, नाहीतर बूट होताना सर्व्हर अडून बसतो. क्रमावर विसंबता येत नाही म्हणून तर यूयूआयडी लिहायचा, आणि त्यालाच क्रमांक म्हणायचे? ‘ओळखखूण’ म्हणा. तीही डिस्कची नव्हे, फाइलसिस्टिमची. ‘हार्ड डिस्कचा यूयूआयडी’ हे तर रोज कानावर आदळते. डिस्कचे विभाजन (पार्टिशन) पुन्हा फॉरमॅट करा, डिस्क तीच राहते आणि यूयूआयडी नवा येतो.

‘अद्वितीय’ही नको. डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने विभाजनाची हुबेहूब नक्कल केली की यूयूआयडीसुद्धा नकलेत उतरतो आणि दुसरा हजर! एक्सएफएस तर अशी जुळी फाइलसिस्टिम चढवायला साफ नकार देते.

आता ‘आरोहित’. संस्कृत म्हणून तो शब्द शुद्ध आणि मराठी म्हणून ‘चढवणे’ ओबडधोबड, ही परिभाषा घडवणाऱ्यांची समजूत मला अजिबात मान्य नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण उघडून पाहा. ‘आरुह्’ या धातूच्या जागी प्राकृतात ‘चड’ आणि ‘वलग्ग’ येतात, असे तो सूत्रातच सांगतो. त्या ‘चड’च्याच कुळातले आपले ‘चढणे’. म्हणजे आरोहणाला लोकांच्या तोंडचा शब्द कोणता, हा निकाल आठ-नऊशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे. ‘वलग्ग’ही वाया गेला नाही. जुन्या मराठीत ‘वळघणे’ म्हणजे चढणे, आरूढ होणे, ते त्याचेच रूप. काय देखणा शब्द होता!

शिवाय अर्थही ‘चढवणे’च पुरा करतो. इंग्रजी माउंटच्या मुळाशी लॅटिनमधला पर्वत आहे, आणि संगणकात तो शब्द रुळला तेव्हा ऑपरेटर टेपचे रीळ खरोखरच हाताने यंत्रावर चढवत असे. १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत ही आज्ञा आहे. पण मराठी शब्द इथे इंग्रजीच्याही पुढे जातो. मुलामा चढवला की खालचे झाकले जाते. ज्या डिरेक्टरीवर फाइलसिस्टिम चढवतो तिच्यात आधीच्या फाइली असतील तर त्याही अशाच झाकल्या जातात, आणि ती उतरवली की जशाच्या तशा पुन्हा दिसतात. ‘आरोहित’मध्ये हे झाकणे कुठे आहे? अनमाउंटला ‘उतरवणे’ हा जोडीदारही आयता मिळतो. ‘अनारोहित’ म्हणून बघा एकदा.

काही जण ‘जोडणे’ सुचवतात. तेही चुकीचे आहे. केबल लावली की डिस्क जोडली गेली. ब्लॉक उपकरणांच्या, म्हणजे डिस्कसारख्या साठवणीच्या उपकरणांच्या, यादीत ती दिसेल, पण चढवल्याशिवाय तिच्यातली एकही फाइल नेहमीच्या वाटेने उघडणार नाही.

‘द्वारे’चे राहिलेच. ओळखखूण फाइलसिस्टिम चढवत नाही, ती फक्त कोणती चढवायची ते सांगते. म्हणून ‘ओळखखुणेवरून’.